ब्रिटिश संसदेतील आश्रय व आप्रवासन विधेयकांची छाननी

युनायटेड किंग्डममध्ये परदेशी व्यक्तींचा प्रवेश, वास्तव्य, आश्रय आणि हकालपट्टी यांविषयीचे कायदे व नियम संसदेची दोन्ही सभागृहे ज्या रीतीने तपासतात, दुरुस्त करतात आणि संमत किंवा नामंजूर करतात, त्या प्रक्रियेस आश्रय व आप्रवासन विधेयकांची संसदीय छाननी असे म्हणतात. विधेयकाची वाचने, समित्यांपुढील साक्षी, सभागृहांमधील दुरुस्त्यांची देवाणघेवाण, गृहमंत्र्यांनी मांडलेल्या नियमांवरील मतदान आणि विभागाच्या कारभाराची चौकशी या सर्वांचा तिच्यात समावेश होतो. या विषयावरील पहिला आधुनिक कायदा १९०५ साली झाला. तेव्हापासून कायदा किती दिवसांत संमत झाला आणि तो कितपत टिकला, यांचा संबंध ब्रिटिश घटनात्मक चर्चेत पुन्हा पुन्हा पुढे आला आहे.

इतर विषयांच्या विधेयकांहून ही विधेयके दोन बाबतींत वेगळी असतात. ज्यांच्यावर कायद्याचा प्रत्यक्ष परिणाम होतो ते लोक बहुधा देशाबाहेर असतात किंवा देशात असूनही मतदार नसतात. त्यामुळे आपल्या प्रतिनिधीमार्फत तक्रार पोहोचवण्याचा नेहमीचा मार्ग त्यांना बंद असतो. शिवाय कायद्याचा बराचसा तपशील मूळ अधिनियमात नसून गृहमंत्र्यांच्या नियमांत असतो, आणि त्या नियमांची छाननी विधेयकापेक्षा पुष्कळ सैल असते.

संज्ञा

आप्रवासन म्हणजे दुसऱ्या देशात राहण्यासाठी, शिकण्यासाठी किंवा काम करण्यासाठी होणारा प्रवेश. आश्रय ही निराळी गोष्ट आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची साधार भीती असलेल्या व्यक्तीला १९५१ चा निर्वासितविषयक करार आणि १९६७ चा पूरक मसुदा यांनुसार संरक्षण मिळते. ब्रिटनने दोन्हींना मान्यता दिली आहे. आप्रवासनावर मर्यादा घालणे हा प्रत्येक राज्याचा अधिकार मानला जातो; आश्रयाच्या बाबतीत मात्र राज्य स्वतःच्या शब्दाने बांधलेले असते. एकाच विधेयकात दोन्ही विषय आले की हा भेद वादात हरवतो. छाननी करणाऱ्यांचे पहिले काम पुष्कळदा तो भेद परत उभा करणे हेच असते. मराठीत छानणे म्हणजे चाळून, गाळून घेणे. चाळणीतून काय खाली पडावे आणि काय वर राहावे, हे आधी ठरलेले असावे लागते.

विधेयकाचा मार्ग

विधेयक सहसा गृहखात्यामार्फत हाउस ऑफ कॉमन्समध्ये मांडले जाते. पहिले वाचन औपचारिक असते. दुसऱ्या वाचनात तत्त्वावर चर्चा व मतदान होते. त्यानंतर समितीच्या टप्प्यावर प्रत्येक कलम तपासले जाते, अहवालाच्या टप्प्यावर सभागृह पुन्हा दुरुस्त्या विचारात घेते आणि तिसऱ्या वाचनानंतर विधेयक हाउस ऑफ लॉर्ड्सकडे जाते. तेथेही हेच टप्पे असतात. दोन्ही सभागृहांचे एकमत होईपर्यंत दुरुस्त्या इकडून तिकडे फिरतात. संसदेच्या बोलीत याला ‘पिंगपाँग’ म्हणतात. शेवटी राजसंमती मिळते.

यांत खरे महत्त्व समितीच्या टप्प्याला आहे. विधेयक लहान समितीकडे गेले तर तिला वकील, स्थानिक संस्था, निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संघटना, सीमा अधिकारी यांच्या साक्षी घेता येतात. १९९९ चे आश्रय व आप्रवासन विधेयक अशाच एका खास समितीकडे सोपवले गेले होते; त्या काळी ही पद्धत अपवादात्मक होती, पुढे २००७ च्या सुमारास ती रूढ झाली. परंतु सरकारने ठरवले तर समितीचा टप्पा संपूर्ण सभागृहातच उरकता येतो. वरवर पाहता सर्व सदस्यांना संधी मिळते म्हणून ही पद्धत अधिक लोकशाहीवादी वाटते. प्रत्यक्षात तीत साक्षी होत नाहीत, दिवस मोजके असतात आणि पुष्कळ कलमे चर्चेविना पार होतात.

लॉर्ड्स हे लोकनियुक्त सभागृह नाही. १९११ व १९४९ च्या संसद अधिनियमांनुसार ते बहुतेक विधेयके केवळ लांबवू शकते, कायमची रोखू शकत नाही. तरीही तेथे सरकारला हुकमी बहुमत नसते, चर्चेवर वेळेचे कडक बंधन नसते आणि निवृत्त न्यायाधीश, माजी राजदूत, बिशप अशा सदस्यांचा भरणा असतो. त्यामुळे या विषयावरील कलमवार छाननीचा मोठा भाग लोकांनी न निवडलेल्या सभागृहातच होतो, अशी विचित्र स्थिती निर्माण झाली आहे.

आरंभीचे कायदे

रशियन साम्राज्यातील छळामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व लंडनमध्ये ज्यू स्थलांतरितांची संख्या वाढली. १९०२ साली नेमलेल्या शाही आयोगाच्या अहवालानंतर बाल्फोर सरकारने १९०४ मध्ये परकीयांविषयीचे विधेयक आणले. ते समितीकडे गेले आणि तेथेच अडकले. नुकतेच लिबरल पक्षात गेलेले तरुण विन्स्टन चर्चिल व त्यांचे सहकारी यांनी शब्दाशब्दावर हरकती घेतल्या, आणि अखेर सरकारने विधेयक सोडून दिले. पुढच्या वर्षी सुधारलेले विधेयक संमत झाले. १९०५ च्या या अधिनियमात एक महत्त्वाची तरतूद होती: केवळ धार्मिक किंवा राजकीय छळ टाळण्यासाठी आलेल्या माणसाला निर्धनतेच्या कारणावरून परत पाठवता येणार नव्हते. ब्रिटिश अधिनियमात आश्रयाची कल्पना अशी एका अपवादाच्या रूपाने शिरली.

पहिल्या महायुद्धाने चित्र पालटले. ब्रिटनने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्या दिवशी, ५ ऑगस्ट १९१४ रोजी, परकीयांवर निर्बंध घालण्याचे विधेयक एकाच दिवसात सर्व टप्प्यांतून पार झाले. त्याने सरकारला परकीयांचा प्रवेश, हालचाल व हकालपट्टी यांबाबत व्यापक अधिकार दिले. युद्धकाळापुरते असलेले हे अधिकार १९१९ मध्ये एका वर्षासाठी वाढवले गेले, आणि मग दर वर्षी मुदतवाढ मिळत मिळत १९७१ च्या आप्रवासन अधिनियमापर्यंत चालू राहिले. तात्पुरत्या कायद्याचे आयुष्य कसे वाढते, याचे इतके ठळक उदाहरण विरळाच.

१९६८ चा राष्ट्रकुल आप्रवासी अधिनियम

घाईने केलेल्या कायद्याचे उदाहरण म्हणून ज्याचा उल्लेख सर्वाधिक होतो, तो हा अधिनियम भारतीय वाचकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. केनिया डिसेंबर १९६३ मध्ये स्वतंत्र झाला. तेथील आशियाई रहिवाशांना केनियाचे नागरिकत्व स्वीकारण्यासाठी दोन वर्षांची मुदत मिळाली. पुष्कळांनी ते न घेता ब्रिटिश पारपत्र कायम ठेवले. हे पारपत्र ब्रिटिश सरकारनेच दिलेले असल्यामुळे १९६२ च्या निर्बंधांतून ते वगळले जात होते, म्हणजेच धारकाला ब्रिटनमध्ये मुक्त प्रवेश होता. या समाजात गुजराती व पंजाबी कुटुंबे बहुसंख्य होती. नैरोबी व मोंबासा येथे सरकारी कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्या गोमंतकीयांचीही जुनी वस्ती होती. १९६७ साली केनियाने नागरिक नसलेल्यांना कामाचा परवाना सक्तीचा केला. नोकऱ्या व व्यापार जाऊ लागले, आणि विमानाची तिकिटे काढून लोक लंडनला येऊ लागले.

हॅरॉल्ड विल्सन यांच्या मजूर सरकारातील गृहमंत्री जेम्स कॅलहन यांनी २२ फेब्रुवारी १९६८ रोजी नव्या विधेयकाची घोषणा केली. २७ फेब्रुवारीला दुसरे वाचन झाले आणि १ मार्चला राजसंमतीही मिळाली. ज्याचा स्वतःचा, आईवडिलांपैकी एकाचा किंवा आजीआजोबांपैकी एकाचा जन्म ब्रिटनमध्ये झाला नव्हता, किंवा ज्याला तेथे दत्तक, नोंदणी वा नागरिकीकरणाने नागरिकत्व मिळाले नव्हते, अशा ब्रिटिश पारपत्रधारकाचा मुक्त प्रवेशाचा हक्क या कायद्याने काढून घेतला. त्याऐवजी वर्षाला १,५०० कुटुंबप्रमुखांसाठी परवान्यांची सोय ठेवण्यात आली. मजकुरात वर्णाचा उल्लेख कोठेही नव्हता. परंतु केनियातील गोऱ्या वसाहतवाल्यांचे आजोबा बहुधा ब्रिटनमध्ये जन्मलेले, आणि आशियाई रहिवाशांचे काठियावाडात, पंजाबात किंवा गोव्यात. एवढी एक कसोटी लावली की निवड आपोआप होत होती.

सभागृहात दोन्ही मोठ्या पक्षांचे नेतृत्व विधेयकाच्या बाजूने होते, त्यामुळे निकालाविषयी शंका नव्हती. तरीही विरोध झाला आणि तो पक्षनिष्ठेच्या रेषेवर झाला नाही. काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे माजी वसाहतमंत्री इयन मॅक्लाउड यांनी, केनियाच्या स्वातंत्र्याच्या वेळी या लोकांना दिलेला शब्द मोडला जात आहे असे सांगून विरुद्ध मत दिले. त्यांच्याच पक्षाचे डंकन सँडिस हे स्वातंत्र्याच्या वेळी वसाहतमंत्री होते. असा शब्द दिला गेल्याचे त्यांनी नाकारले आणि निर्बंधांची मागणी लावून धरली. लिबरल पक्षाचे तरुण सदस्य डेव्हिड स्टील यांनी विरोध केला व पुढे या कायद्यावर पुस्तकही लिहिले. मात्र नैरोबीतून साक्ष घ्यायला, मागील आश्वासनांची कागदपत्रे मागवायला किंवा १,५०० हा आकडा कोठून आला हे विचारायला कोणत्याही समितीला वेळ नव्हता.

परिणाम लवकरच दिसले. एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर परत पाठवले जाणारे प्रवासी, पारपत्र असूनही कोणत्याच देशात प्रवेश नसलेली कुटुंबे, परवान्यासाठी वर्षानुवर्षांच्या रांगा. काहींनी स्ट्रासबुर्ग येथील युरोपीय मानवी हक्क आयोगाकडे दाद मागितली. आयोगाने डिसेंबर १९७३ मधील अहवालात असा निष्कर्ष काढला की वंशावरून केलेला हा भेद त्या परिस्थितीत मानहानिकारक वागणूक ठरतो. हा अहवाल लगेच प्रसिद्ध झाला नाही. तो सार्वजनिक होण्यास १९९४ साल उजाडले. संसदेने चार दिवसांत ज्या प्रश्नाला हात घातला नाही, त्याचे उत्तर छापून यायला सव्वीस वर्षे लागली.

आप्रवासन नियम

१९७१ च्या आप्रवासन अधिनियमाने जुने तुकडे एकत्र केले आणि दैनंदिन तपशील गृहमंत्र्यांच्या नियमांवर सोपवला. विद्यार्थी, पती-पत्नी, कुशल कामगार, पर्यटक यांना कोणत्या अटींवर प्रवेश मिळेल हे याच नियमांत असते. बदलांचे निवेदन संसदेपुढे ठेवावे लागते, आणि चाळीस दिवसांच्या आत कोणत्याही एका सभागृहाने नापसंतीचा ठराव केल्यास मंत्र्याला नवे बदल करावे लागतात. नियमांत दुरुस्ती सुचवता येत नाही. घ्या किंवा टाका, एवढेच.

हा अधिकार बहुधा वापराविना पडून असतो, पण तो निर्जीव नाही. २२ नोव्हेंबर १९७२ रोजी कॉमन्सने हीथ सरकारचे नियम २७५ विरुद्ध २४० मतांनी फेटाळले. ब्रिटन युरोपीय समुदायात शिरण्याच्या उंबरठ्यावर होता, आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या नागरिकांपेक्षा जर्मन-इटालियन लोकांना झुकते माप मिळते यावर सत्ताधारी पक्षातीलच अनेक सदस्य रुष्ट होते. डिसेंबर १९८२ मध्ये परदेशी पती व नियोजित वर यांच्या प्रवेशाविषयीचे नियमही कॉमन्सने फेटाळले. या दुसऱ्या प्रसंगाचा संबंध दक्षिण आशियाई कुटुंबांशी थेट होता.

पुढे प्रश्न वेगळा उभा राहिला. गृहखाते नियमांत थोडेच लिहू लागले आणि उरलेल्या अटी मार्गदर्शिकांत, संकेतस्थळावरील याद्यांत ठेवू लागले. हे कागद संसदेपुढे येतच नसत. १८ जुलै २०१२ रोजी अल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की जी अट पूर्ण न केल्यास अर्ज नाकारला जातो ती अट म्हणजे नियमच होय, आणि म्हणून ती संसदेपुढे ठेवली पाहिजे. खात्याला लगोलग मार्गदर्शिकांतील मोठा मजकूर नियमांत ओतावा लागला. छाननीच्या दृष्टीने हा विजय होता खरा. मात्र नियमांचा आकार हजारांहून अधिक पृष्ठांचा झाला, आणि एवढा ग्रंथ चाळीस दिवसांत वाचणार कोण हा प्रश्न उरला.

२००४ : न्यायालयांचे दार बंद करण्याचा प्रयत्न

टोनी ब्लेअर यांच्या सरकारने नोव्हेंबर २००३ मध्ये मांडलेल्या विधेयकात अपिलाच्या दोन पायऱ्या काढून एकच न्यायाधिकरण स्थापण्याची योजना होती. तिच्या जोडीला असलेले एक कलम अधिक गंभीर होते: न्यायाधिकरणाच्या निर्णयाची तपासणी कोणत्याही न्यायालयाला करता येणार नव्हती. कायद्याचा चुकीचा अर्थ लावला गेला किंवा नैसर्गिक न्यायाचा भंग झाला तरीही नाही. वारंवार अपिले करून हकालपट्टी लांबवली जाते, हे सरकारचे कारण होते आणि ते निराधार नव्हते.

मोठ्या बहुमताच्या जोरावर कॉमन्सने हे कलम संमत केले. संयुक्त मानवी हक्क समिती आणि घटनाविषयक बाबींची कॉमन्सची समिती यांनी त्यावर कडक आक्षेप नोंदवले होते. मार्च २००४ च्या पहिल्या आठवड्यात सरन्यायाधीश लॉर्ड वुल्फ यांनी केंब्रिज येथील जाहीर व्याख्यानात त्यावर टीका केली. पदावर असलेल्या न्यायाधीशाने चालू विधेयकाविषयी इतके स्पष्ट बोलणे हे ब्रिटनमध्ये असाधारण मानले गेले. १५ मार्च रोजी लॉर्ड्समधील दुसऱ्या वाचनाच्या आरंभीच लॉर्ड चॅन्सेलर फाल्कनर यांनी कलम मागे घेत असल्याचे जाहीर केले. त्याच्या जागी उच्च न्यायालयाकडून मर्यादित, मुख्यतः कागदोपत्री पुनर्विलोकनाची तरतूद आली.

या प्रसंगात कलम मतदानाने पडले नाही. लॉर्ड्समध्ये ते पडेल हे सरकारला दिसले, आणि समित्यांच्या अहवालांनी विरोधाला कायद्याची भाषा आधीच पुरवून ठेवली होती. संसदीय छाननीचे पुष्कळसे यश अशा न झालेल्या मतदानांत दडलेले असते, त्यामुळे ते आकडेवारीत दिसत नाही.

समित्या

संयुक्त मानवी हक्क समितीत दोन्ही सभागृहांचे प्रत्येकी सहा सदस्य असतात. १९९८ च्या मानवी हक्क अधिनियमानुसार प्रत्येक शासकीय विधेयकासोबत मंत्र्याला निवेदन करावे लागते: विधेयक युरोपीय मानवी हक्क कराराशी सुसंगत आहे, किंवा तसे सांगता येत नसले तरी सरकार ते पुढे नेऊ इच्छिते. समिती या निवेदनामागची कारणे तपासते. लॉर्ड्सची घटना समिती आणि प्रत्यायोजित अधिकारांची समिती यांचे अहवाल त्याला पूरक असतात. मंत्र्यांच्या हाती किती अधिकार जात आहेत हे त्यांत पाहिले जाते.

कॉमन्सची गृहविषयक समिती ही १९७९ पासूनच्या खातेनिहाय समित्यांपैकी एक आहे. तिचे काम कायदा झाल्यानंतर त्याचे काय होते हे पाहणे. २०१४ च्या आप्रवासन अधिनियमाने घरमालक, बँका इत्यादींवर लोकांचे कागद तपासण्याची जबाबदारी टाकली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत कॅरिबियन बेटांतून रीतसर आलेल्या आणि कधीच कागदपत्रे न मिळालेल्या ‘विंडरश’ पिढीला याचा फटका बसला: नोकऱ्या गेल्या, औषधोपचार नाकारले गेले, काहींना देशाबाहेर पाठवले गेले. २५ एप्रिल २०१८ रोजी गृहमंत्री अँबर रड यांनी या समितीपुढे सांगितले की हकालपट्टीसाठी संख्येची उद्दिष्टे नाहीत. उद्दिष्टे असल्याचे कागद वर्तमानपत्रांत आले, आणि समितीची नकळत दिशाभूल झाल्याचे मान्य करून त्यांनी २९ एप्रिलला राजीनामा दिला. २०१४ च्या विधेयकाविरुद्ध कॉमन्समध्ये मत देणारे सदस्य मोजकेच होते, ही गोष्ट या प्रकरणानंतर पुष्कळांना आठवली.

डब्ज दुरुस्ती

लॉर्ड आल्फ डब्ज हे १९३९ साली, नाझींच्या ताब्यात गेलेल्या प्रागमधून ज्यू मुलांसाठी सोडलेल्या आगगाडीने ब्रिटनला पोहोचलेले बालनिर्वासित होते. २०१६ च्या आप्रवासन विधेयकाला त्यांनी दुरुस्ती सुचवली, की युरोपात पालकांविना भटकणाऱ्या ३,००० मुलांना ब्रिटनने आसरा द्यावा. लॉर्ड्सने ती स्वीकारली. २५ एप्रिल २०१६ रोजी कॉमन्सने २९४ विरुद्ध २७६ मतांनी फेटाळली. मग डब्ज यांनी आकडा काढून टाकला आणि संख्या सरकारने स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून ठरवावी असे शब्द घातले. सरकार नमले. शेवटी या तरतुदीखाली ठरलेली संख्या ४८० होती. दुरुस्ती वाचवण्यासाठी जो आकडा सोडला, तोच तिचा कणा होता असे म्हणता येईल. पण त्या ४८० मुलांच्या बाजूने पाहिले तर हिशेब वेगळा दिसतो.

बेकायदा स्थलांतर अधिनियम आणि रवांडा विधेयक

लहान बोटींनी इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्यांना पूर्व आफ्रिकेतील रवांडा येथे पाठवून त्यांच्या आश्रयअर्जांचा निर्णय तेथेच करण्याची योजना बोरिस जॉन्सन सरकारने एप्रिल २०२२ मध्ये जाहीर केली. तिचा आधार सामंजस्य करार होता. औपचारिक तह नसल्यामुळे तो तपासण्यासाठी संसदेपुढे आला नाही, याबद्दल लॉर्ड्सच्या आंतरराष्ट्रीय करार समितीने नाराजी नोंदवली.

७ मार्च २०२३ रोजी गृहमंत्री सुएला ब्रॅव्हरमन यांनी बेकायदा स्थलांतर विधेयक मांडले. अनियमित मार्गाने आलेल्यांना ताब्यात घेऊन बाहेर पाठवण्याचे कर्तव्य ते मंत्र्यावर टाकत होते. ते मानवी हक्क कराराशी सुसंगत असल्याचे निवेदन सरकारने केले नाही. समितीचा टप्पा संपूर्ण सभागृहात दोन दिवसांत आटोपला. साक्षी झाल्या नाहीत. योजनेचा आर्थिक परिणाम सांगणारा दस्तऐवज २६ जूनला, म्हणजे कॉमन्सने विधेयक संमत केल्यावर दोन महिन्यांनी प्रसिद्ध झाला. त्यात एका व्यक्तीला तिसऱ्या देशात पाठवण्याचा अंदाजित खर्च १,६९,००० पौंड दिला होता. लॉर्ड्सने अनेक दुरुस्त्या केल्या, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी विरोधात भाषण केले, माजी पंतप्रधान थेरेसा मे यांनी आधुनिक गुलामगिरीच्या बळींवर होणाऱ्या परिणामाबद्दल कॉमन्समध्ये सरकारला धारेवर धरले. २० जुलै रोजी राजसंमती मिळाली, पण हकालपट्टीचे मुख्य कर्तव्य पूर्णपणे कधीच अमलात आले नाही.

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी रवांडा योजना एकमताने बेकायदा ठरवली. तेथून आश्रयार्थींना छळ होणाऱ्या मूळ देशात परत पाठवले जाण्याचा खरा धोका आहे, असा पुराव्यावर आधारलेला निष्कर्ष त्यांनी काढला. ऋषी सुनक सरकारने ५ डिसेंबरला रवांडाशी तह केला आणि ७ डिसेंबरला दहा कलमांचे विधेयक आणले. प्रत्येक निर्णयकर्त्याने आणि न्यायालयानेही रवांडा सुरक्षित देश आहे असे निर्णायकपणे मानावे, हा त्याचा गाभा होता. एखादा देश सुरक्षित आहे की नाही ही वस्तुस्थितीची बाब. न्यायालयाने पुरावा पाहून जे ठरवले त्याच्या उलट संसदेने कायद्याने ठरवावे का, आणि उद्या परिस्थिती बदलली तर कायदा काय करणार, हा या विधेयकावरील चर्चेचा मुख्य मुद्दा बनला.

दुसरे वाचन १२ डिसेंबरला ३१३ विरुद्ध २६९ मतांनी, तिसरे १७ जानेवारी २०२४ रोजी ३२० विरुद्ध २७६ मतांनी संमत झाले. २२ जानेवारीला लॉर्ड्सने तहाला मान्यता लांबवण्याचा ठराव २१४ विरुद्ध १७१ मतांनी केला. २०१० च्या कायद्याने तहांची छाननी सुरू झाल्यापासून असा ठराव प्रथमच झाला. त्याने सरकार बांधले जात नव्हते. त्यानंतर लॉर्ड्सने विधेयकात दहा दुरुस्त्या केल्या. स्वतंत्र देखरेख समितीने खात्री देईपर्यंत रवांडा सुरक्षित मानू नये, ही माजी न्यायमूर्ती लॉर्ड होप यांची दुरुस्ती आणि ब्रिटिश सैन्याला साहाय्य केलेल्या अफगाणांना वगळावे, ही माजी संरक्षणमंत्री लॉर्ड ब्राउन यांची दुरुस्ती या त्यांत प्रमुख होत्या. कॉमन्सने १८ मार्चला सर्व दहा फेटाळल्या. देवाणघेवाण २२ एप्रिलच्या रात्रीपर्यंत चालली. अफगाणांच्या प्रकरणांचा फेरविचार होईल अशा आश्वासनावर लॉर्ड्सने माघार घेतली, आणि २५ एप्रिलला कायदा झाला.

४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत सत्तांतर झाले आणि नव्या मजूर सरकारने योजना रद्द केली. त्याच महिन्यात गृहमंत्री इव्हेट कूपर यांनी कॉमन्सला सांगितले की तोवर ७० कोटी पौंड खर्च झाले होते आणि रवांडाला चार जण गेले होते, तेही स्वेच्छेने. जानेवारी २०२५ मध्ये मांडलेल्या सीमा सुरक्षा, आश्रय व आप्रवासन विधेयकात रवांडा अधिनियम रद्द करण्याची तरतूद करण्यात आली.

भारताशी संबंध

या इतिहासातील व्यक्तींमध्ये पूर्व आफ्रिकेतील भारतीयांचे धागे ठळकपणे दिसतात. सुएला ब्रॅव्हरमन यांचे वडील गोमंतकीय वंशाचे. ते १९६८ साली, म्हणजे दार बंद होण्याच्या सुमारासच, केनियातून ब्रिटनला आले. रवांडा योजना जाहीर करणाऱ्या गृहमंत्री प्रीती पटेल यांचे आईवडील युगांडातील गुजराती, तर ऋषी सुनक यांचे कुटुंब पूर्व आफ्रिकेमार्गे आलेले पंजाबी. यावरून ब्रिटिश वृत्तपत्रांत पुष्कळ टीका व समर्थन दोन्ही झाले. आईवडिलांच्या प्रवासावरून मंत्र्याच्या धोरणाचा न्याय करणे योग्य की अयोग्य, यावर एकमत नाही.

भारतीय नागरिकांची कायदेशीर स्थितीही वेगळी आहे. राष्ट्रकुलाचे नागरिक असल्यामुळे ब्रिटनमध्ये वैध परवानगीने राहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला किंवा कर्मचाऱ्याला नाव नोंदवून ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत मतदान करता येते. म्हणजे ज्या नियमांखाली तो तेथे राहतो, ते संमत करणाऱ्या सदस्याला तो प्रश्न विचारू शकतो. सीरिया, सुदान किंवा इराणमधून आलेल्या आश्रयार्थीला हा हक्क नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने भारत व जॉर्जिया यांना सुरक्षित देशांच्या यादीत घालण्याचा मसुदा संसदेपुढे ठेवला. या यादीतील देशांच्या नागरिकांचे आश्रयअर्ज, अपवादात्मक परिस्थिती वगळता, गुणदोषांत न शिरताच अग्राह्य ठरवण्याची तरतूद २०२३ च्या अधिनियमात आहे. अशा मसुद्याला दोन्ही सभागृहांची संमती लागते, पण त्यातील एकही शब्द बदलता येत नाही. यादीतला एक देश ठेवून दुसरा वगळण्याची सूचना करण्याचीही सोय नाही. २०२४ च्या पूर्वार्धात तो मंजूर होऊन अमलात आला.